कापला गेलेला समास

आमच्या सार्वजनिक वाचनालयात तक्रारवही नावाची एक वही टेबलाला दोरीने बांधून ठेवलेली आहे. गेल्या चौदा वर्षांत मी तिच्यात त्रेचाळीस तक्रारी क्रमांक घालून, सुवाच्य अक्षरात नोंदवल्या. पंख्याची घरघर, नळाची गळती, वर्तमानपत्रातले कोडे सकाळी आठलाच सोडवून ठेवणारे निवृत्त सभासद, रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणारा कोणी नराधम. त्यांपैकी बेचाळीस तक्रारींकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. एकीची मात्र विलक्षण तत्परतेने दखल घेतली गेली, आणि तिने एका निरुपद्रवी माणसाचे भरून न येणारे नुकसान केले. त्या माणसाविषयी लिहायचे आहे.

वाचनालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, पुस्तकबांधणीची खोली आहे. छत जिन्याबरोबर उतरत गेलेले, त्यामुळे दाराशी सरळ उभे राहता येते आणि खिडकीशी पोचेपर्यंत माणूस आपोआप नम्र होतो. एक लांब टेबल, खळीचे भांडे, पुठ्ठ्यांची चळत, कोपऱ्यात हाताने दाबायचे लोखंडी कापणीयंत्र. या खोलीत एकतीस वर्षे काम करणाऱ्या बाइंडरला सगळे टाकेकाका म्हणत. ते पुस्तकांना सुईदोऱ्याने टाके घालत, म्हणून शाळकरी सभासदांनी कधीतरी ठेवलेले हे नाव पुढे पगारपत्रक सोडून सगळीकडे चालू लागले.

आमची ओळखही तक्रारीतूनच झाली. एका वैचारिक ग्रंथाची तेहतीस ते अठ्ठेचाळीस ही पाने उलटी शिवलेली होती. मी तो ग्रंथ घेऊन तावातावाने जिन्याखाली गेलो. काकांनी तो हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि मागच्या खणातली तारखांची चिठ्ठी पाहिली.

"चूक माझीच, मास्तर," ते म्हणाले. मी शाळेत शिकवतो हे त्यांनी माझ्या रागावण्यावरूनच ओळखले असावे. "पण गंमत बघा. बांधून दिल्याला सहा वर्षं झाली. सव्वीस जणांनी हा ग्रंथ घरी नेला. तक्रार तुमची पहिली."

"म्हणजे?"

"म्हणजे तेहतिसाव्या पानापर्यंत तुम्हीच पहिले पोचलात. बसा, चहा सांगतो."

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मी त्या खोलीत बसू लागलो. घरी माझी वाट पाहणारे कोणी नव्हते, आणि शिक्षकांच्या खोलीत माझ्याहून नऊ वर्षांनी कनिष्ठ असलेले गृहस्थ मुख्याध्यापक होऊन बसले होते.

काका पुस्तके वाचत नसत. निदान आपण वाचतो तशी नाहीत. पुस्तक उसवले की त्याचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या जुड्या, सुट्या होतात. टेबलावर वर जो फर्मा येई त्यातल्या चार ओळी ते वाचत, मग दुसऱ्या पुस्तकाच्या चार ओळी. त्यांना हजारो गोष्टींचे मधले तुकडे ठाऊक होते. सुरुवात किंवा शेवट एकीचाही नाही. त्यांचे खरे वाचन वेगळेच चाले. पुस्तक कुठे मळले आहे, कुठे सैल झाले आहे, कोणते पान आपोआप उघडते, हे ते बोटांनी पाहत.

"लेखकाला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांनाच कळतं," ते म्हणत. "वाचणारा कुठे अडला ते मला कळतं."

वारसाहक्काच्या कायद्याचे जाडजूड पुस्तक त्यांनी मला दाखवले. साडेसहाशे पानांतली सहाशे कोरी करकरीत. भावाभावांच्या वाटणीचे प्रकरण मात्र चुरगळून चिंध्या झालेले. एकट्यासाठी स्वयंपाक या विषयावरचे पुस्तक तेलाने पारदर्शक झाले होते, आणि त्याच मालेतले पाहुण्यांच्या सरबराईचे पुस्तक अजून नव्या शाईचा वास देत होते. मुलांच्या नावांच्या पुस्तकात दोन पेन्सिलींच्या खुणा होत्या, एक निळी आणि एक साधी. साध्या पेन्सिलीने खूण केलेले प्रत्येक नाव निळीने खोडलेले. "नाव काय ठेवलं असेल कोण जाणे," काका म्हणाले, "पण त्या घरात कोणाचं चालतं ते कळलं." सुखी संसाराच्या मार्गदर्शिकेला सभासद हटकून वर्तमानपत्राचे वेष्टण घालत. आतले बायकोच्या कर्तव्यांचे प्रकरण मळून गेलेले, आणि नवऱ्याच्या कर्तव्यांची जुडी वरच्या कडेने अजून फाडलेलीच नाही.

पत्रलेखनाच्या पुस्तकात रजेच्या अर्जाचे पान बोटांनी काळे झाले होते. क्षमायाचनेच्या पत्रांचे नमुने सहा पाने भरून होते, आणि ती सहाही पाने छापखान्यातून आली तशी एकमेकांना चिकटलेली.

"चुकतच नाही वाटतं कोणी," मी म्हणालो.

काका त्यावर हसले नाहीत. त्यांनी सुरीच्या बोथट बाजूने ती पाने एकेक करून सोडवली आणि पुस्तक बाजूला ठेवले. "एकतीस वर्षांत मीही कधी उघडून बघितली नाहीत," एवढेच म्हणाले.

त्या वाक्यामागे काय होते ते मला फार उशिरा कळले.

काकांना एक धाकटा भाऊ होता. त्यांचे वडील छापखान्यात मुद्रिते तपासत. घरी पुस्तक वाचताना खूण म्हणून पानाचा कोपरा दुमडायचा तर तो खालचा, आणि दोनदा, अशी त्यांची शिकवण होती. वरचा दुमडला तर पानाचा आकडा झाकतो, आणि एकदाच दुमडलेला कोपरा उलगडतो. दोन्ही मुलांच्या हाताला ती दुहेरी घडी बसली. मी तरी आयुष्यात दुसऱ्या कोणाला तसा कोपरा दुमडताना पाहिलेले नाही.

अकरा वर्षांपूर्वी वडील आजारी पडले तेव्हा धाकटा नोकरीनिमित्त परगावी होता. "त्याला उगाच घाबरवू नकोस, दोन दिवसांत उठतो मी," असे वडील म्हणाले, आणि काकांनी ऐकले. तिसऱ्या दिवशी पहाटे वडील गेले. धाकटा पोचला तेव्हा सगळे आटोपून माणसे पांगली होती. तो दारातूनच म्हणाला, "चेहरा तरी बघू द्यायचा होतास, दादा." वडिलांच्या चीजवस्तूंतून धाकट्याने फक्त त्यांचे वाचनालयाचे कार्ड मागून घेतले, सभासद क्रमांक चारशे सतरा. त्याच वर्षी त्याची बदली याच गावात झाली. पुलापलीकडच्या वसाहतीत, पायी पंचवीस मिनिटांवर तो राहू लागला. पण दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

आणि मग एके दिवशी बांधणीच्या टेबलावर बालरोगांचे एक पुस्तक आले. गोवराच्या पानाचा खालचा कोपरा दोनदा दुमडलेला, आणि मागच्या चिठ्ठीवर शेवटचा क्रमांक चारशे सतरा.

"पुतणीला गोवर आलाय," काकांनी घरी जाऊन काकूंना सांगितले.

"मग जा की बघायला."

"बोलावलंय कुठे त्याने?"

"गोवराची आमंत्रणपत्रिका निघते वाटतं!" काकू म्हणाल्या.

ते गेले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांना भावाची खबर मिळू लागली. भूमितीची मार्गदर्शिका आली तेव्हा पुतणी दहावीला बसल्याचे त्यांना कळले. कुंडीतल्या झाडांचे पुस्तक आले तेव्हा त्यांनी धाकट्याच्या घराला गॅलरी असल्याचे ठरवले. विनोदी लेखांच्या पुस्तकात एकही घडी नसली की ते चिंता करत, "याला हसू येईना झालंय." तऱ्हतऱ्हेची ती पुस्तके हेच त्यांच्या भावाचे अकरा वर्षांचे चरित्र होते.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पुस्तक शिवून झाले की त्याच्या तीन कडा यंत्रावर कापून सारख्या करतात. त्याआधी आतले दुमडलेले कोपरे उलगडायचे असतात, कारण दुमडलेला कोपरा पात्याच्या तावडीतून सुटतो आणि नंतर उलगडला की इतर पानांच्या बाहेर कानासारखा डोकावतो. ते बाइंडरच्या बेफिकिरीचे लक्षण समजतात. काकांनी एकतीस वर्षे तो नियम पाळला. अपवाद फक्त दुहेरी घडीच्या कोपऱ्यांचा. ते त्यांनी कधीच उलगडले नाहीत. भावाने घातलेली घडी आपल्या हाताने मोडायचे त्यांच्या जिवावर येई.

मला यातले काहीही ठाऊक नव्हते. मी एक प्रवासवर्णन घरी नेले, त्यातून तीन कान बाहेर आलेले होते. मी तक्रार क्रमांक त्रेचाळीस लिहिली: बांधणी विभागातील अनास्था, कडांची विद्रूपता, सभासदांच्या वर्गणीचा अवमान. वाक्यरचना चांगली साधली होती. ग्रंथपाल नवे होते. पंखा बदलायला मंजुरी लागते, कोपरे सरळ करायला काहीच लागत नाही, हे त्यांनी चटकन हेरले. तिसऱ्या दिवशी बांधणीच्या खोलीत सूचना लागली. कापणीपूर्वी प्रत्येक दुमडलेला कोपरा सरळ करणे बंधनकारक. तसे केल्याची सही प्रत्येक पुस्तकामागे.

मी गेलो तेव्हा काका खळ ढवळत होते. मला वाटले होते, रागावतील.

"अक्षर सुरेख आहे तुमचं, मास्तर," ते म्हणाले. "सूचनेबरोबर तक्रारीची नक्कलही डकवलीय."

"तुमच्याविरुद्ध काही नव्हतं, काका. मला वाटलं, दुसरा कोणी..."

"इथे दुसरा कोण आहे?"

खरेच कोणी नव्हते. मी ओशाळून विषय बदलला.

त्याआधीच्या वर्षभरात चारशे सतरा क्रमांकावर गेलेल्या पुस्तकांचा रंग बदलला होता. आधी रक्तदाब, मग पक्षाघात, मग पाठीचे व्यायाम, आणि मग घरातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा. त्यातही घडी होती ती रुग्णाला कुशीवर कसे वळवावे या पानावर. काकांनी त्यांच्या पद्धतीने निष्कर्ष काढला. कार्ड भावाचे, घडी भावाची. म्हणजे शुश्रूषा करणारा भाऊ, आणि अंथरुणाला खिळलेली भावजय. "बायकोला उचलून उचलून पाठ धरली असेल बिचाऱ्याची," असे ते काकूंना म्हणाले. कापणीयंत्राचा दांडा दाबताना आपल्या पाठीत कळ आली की त्यांना भावाची पाठ आठवे.

शुश्रूषेचे ते पुस्तक सूचना लागल्यानंतरच्या आठवड्यात टेबलावर आले. त्याचा कणा उसवला होता. वापरून उसवला नव्हता, पात्याने सरळ रेषेत कापला होता. काकांच्या ते ध्यानात आले, आणि त्यांना सभासदांचा संताप आला, भावाचासुद्धा. त्यांनी फर्मे शिवले. मग कोपरे सरळ करायची वेळ आली. आत दुहेरी घडीचा एकच कोपरा होता, नेहमीपेक्षा मोठा, जवळजवळ तळहाताएवढा. सही करायची होती. भावाची घडी मोडताना डोळ्यांसमोर नको म्हणून त्यांनी खिडकीकडे तोंड केले आणि कोपरा अंगठ्याने चाचपून उलगडला. पाने सारखी केली, यंत्रात धरली, दांडा दाबला.

पाने मोजताना त्यांना ते दिसले. मी वाचनकक्षात बसलो होतो. काका पुस्तक उघडे धरून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एकतीस वर्षांत ते कामाच्या वेळेत पुढच्या दालनात आलेले कोणी पाहिले नसेल.

"हे बघा. हे बघा काय केलं मी."

पानाच्या खालच्या समासात, अगदी कडेला, पेन्सिलीची एक आडवी शिरोरेषा होती. तिच्यावर दोन-चार मात्रा. तिच्याखालची अक्षरे पात्याने नेली होती. दुमडलेल्या कोपऱ्याच्या आत कोणीतरी काही लिहिले होते, आणि तो कोपरा दुमडलेला राहिला असता तर पाते त्याला शिवलेही नसते.

आम्ही दोघे जिन्याखाली गेलो. कापलेल्या कडांचा तीन पोती भरून कीस कोपऱ्यात होता. ती दुपार आणि दुसऱ्या दिवशीचीही दुपार आम्ही तो कीस जमिनीवर पसरून पाहिला. दोऱ्यासारख्या हजारो पट्ट्या. काहींवर पेन्सिलीचे करडे ठिपके, मुंगीचे तुटलेले पाय असावेत तसे. ते जुळवून काही बनवता येण्यासारखे नव्हते. तिथेच जमिनीवर बसल्या बसल्या काकांनी मला, मी आधी लिहिले आहे ते, सगळे सांगितले. गोवर, भूमिती, वडिलांचा चेहरा. मी माझ्या त्रेचाळिसाव्या तक्रारीची नक्कल भिंतीवर समोर दिसत असताना ते ऐकले.

"आजच जा," मी म्हणालो.

"आणि काय सांगू? तू लिहिलंस ते कापून टाकलं?"

"तेच सांगा."

"तो म्हणेल, दुसऱ्यांदा तेच केलंस." त्यांनी एक पट्टी उचलून उजेडाकडे धरली. "आणि मास्तर, 'माझ्या घड्यांना हात लावू नकोस' असंही लिहिलं असेल. 'मेलो तरी येऊ नकोस' असंही असेल. कसं कळायचं?"

माझे सगळे शिक्षण वाक्यांच्या रचनेत गेले; गेलेल्या वाक्याचे काय करावे हे मला कोणी शिकवले नाही. शेवटी काकांनी पुस्तकाला पुठ्ठा चढवला, ते कपाटात दर्शनी भागी ठेवले, आणि चारशे सतरा ते पुन्हा नेतो का याची वाट पाहू लागले. दररोज दुपारी ते पुढे येऊन कपाटावर नजर टाकत. पुस्तक जागचे हलत नव्हते. मीही दररोज "उद्या बघू" म्हणत होतो, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

अखेर काकूंचा संयम सुटला. "अकरा वर्षं पुस्तकांची नाडी बघत बसलात," त्या म्हणाल्या. "आता माणसाची बघा."

शनिवारी दुपारी काकांनी मला बरोबर घेतले. "तुम्ही नुसते उभे राहा," म्हणाले. "मला तोंड फुटलं नाही तर दार तरी वाजवा." वसाहतीतली इमारत, तिसरा मजला. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते थांबत होते, आणि दम लागल्याचे निमित्त दोघांनाही पुरत होते.

दार एका बाईने उघडले. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले, चांगली धट्टीकट्टी. काका तिच्याकडे पाहतच राहिले.

"तू उठलीस कधी?"

"मी कुठे निजले होते?" भावजय म्हणाली. मग तिने हात पदराला पुसले आणि आवाज खाली आणला. "पुस्तक परत करून सोळा दिवस झाले, भाऊजी. एकेक मोजलाय मी."

"पुस्तक... तू परत केलंस? धाकटा नाही येत वाचनालयात?"

"हे? बाबा गेल्यापासून यांनी पुस्तक हातात धरलेलं मी पाहिलं नाही. कार्ड यांचं, वाचणारी मी."

"आणि कोपरे?"

"कोपरेही माझेच. लग्न झालं तेव्हा यांच्याकडून शिकले, तीच सवय राहिली." तिने एकदा आतल्या खोलीकडे पाहिले. "बांधलेली पुस्तकं पुन्हा आणायचे तेव्हा बघायचे ना मी, सगळ्यांचे कोपरे सरळ झालेले, माझे तेवढे तसेच. म्हटलं, भाऊजी ओळखतात. म्हणून तर तो कणा कापला. फाटल्याशिवाय पुस्तक तुमच्याकडे जात नाही."

काकांनी दाराची चौकट धरली. अकरा वर्षे ज्याला गोवराची काळजी होती, ज्याच्या गॅलरीत कुंड्या होत्या, ज्याला हसू येईना झाले होते, तो भाऊ त्या एका क्षणात नाहीसा होत असावा.

"काय लिहिलं होतंस?"

"वाचलं नाहीत?"

"कापलं."

"काय कापलं?"

"कोपरा सरळ करायचा असा नियम झालाय. सरळ केला. कापला. मग दिसलं की काहीतरी होतं."

विश्वास ठेवावा की नाही हे तिला ठरवता येत नसावे. मला विचाराल तर मीही ठेवला नसता. तो नियम कोणाच्या तक्रारीवरून झाला, हे सांगण्याची ती वेळ होती. मी पायपुसण्यावर उभा होतो आणि तिथेच उभा राहिलो.

"'तुमची आठवण काढतात. बोलता येतंय तोवर या,'" ती म्हणाली. "एवढंच लिहिलं होतं. वर्ष झालं यांना पडून. फोन करायचा नाही, निरोप धाडायचा नाही, म्हणून मुलीची शपथ घातली होती मला. आणि स्वतःच दिवसातून दहादा, 'दादा काय करत असेल?' पुस्तकात लिहू नकोस असं नव्हते म्हणाले. मग लिहिलं."

"आता येतंय ना बोलता?"

"मागच्या मंगळवारी दुसरा झटका आला," ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.

समासातली ती शिरोरेषा दिसल्यापासून त्या मंगळवारपर्यंत काकांच्या हातात पुरता आठवडा होता.

आतल्या खोलीत खिडकीपाशी लोखंडी खाट होती. धाकटा भाऊ उताणा पडलेला, दाढी नुकतीच केलेली, एक गाल खाली ओघळलेला. डोळे उघडे होते. काका खाटेजवळच्या स्टुलावर बसले.

"अरे, मी. दादा."

डोळे छतावरून हलले, काकांच्या चेहऱ्यावर आले, तिथे थोडा वेळ राहिले, आणि परत छताकडे गेले. काकांनी त्याचा हात हातात घेतला. हात घेऊ दिला असे म्हणता येईल. धरला असे म्हणता येणार नाही.

"ओळखलं का त्याने?"

"डॉक्टर म्हणतात, ओळखत असतील," भावजय म्हणाली. "ऐकूही येत असेल म्हणतात. त्यांना तरी कुठे नक्की ठाऊक आहे?"

"काय बोलायचं होतं त्याला माझ्याशी?"

"मला कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, 'ते मी त्यालाच सांगेन.' शिव्या द्यायच्या असतील. नाहीतर... मला नाही ठाऊक, भाऊजी. खरंच नाही ठाऊक."

काका खूप वेळ बसले. जाताना त्यांनी वाकून भावाच्या कानाशी काहीतरी म्हटले. दारातून मला फक्त ओठ हलताना दिसले. भावाच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही, किंवा त्या चेहऱ्यावर आता काही उमटू शकत नव्हते. दोहोंतला फरक ओळखण्याचे साधन जगात कोणाकडेही नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी तक्रार मागे घेत असल्याचे तक्रारवहीत लिहिले. त्याकडे अर्थातच कोणी पाहिले नाही. सूचना अजून भिंतीवर आहे आणि काका प्रत्येक पुस्तकामागे सही करतात. भावजयीला आता वाचायला सवड नसते. कार्ड तिने काकांच्या स्वाधीन केले आहे, आणि त्या कार्डावर ते स्वतः पुस्तके नेतात, कारण संध्याकाळी काम सुटले की ते पूल ओलांडून जातात आणि भावाला तासभर वाचून दाखवतात.

पहिल्या दिवशी कपाटांसमोर ते अर्धा तास उभे होते.

"काय नेऊ, मास्तर?"

"त्याला आवडेल असं काहीतरी."

"तेच तर. मला वाटायचं, त्याला काय आवडतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. ती सगळी हिची आवड निघाली." त्यांनी एका कादंबरीच्या कण्यावर बोट ठेवले, काढले, दुसऱ्या पुस्तकावर ठेवले. "तिलाही विचारलं. ती म्हणते, लहानपणी काय वाचायचे ते तुम्हालाच माहीत. आणि लहानपणी आम्ही दोघं फक्त शाळेचीच पुस्तकं वाचायचो."

शेवटी त्यांनी हाताला लागले ते उचलले.

गेल्या आठवड्यात मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. काका वाचायला फारसे चांगले नाहीत. एकतीस वर्षे चार-चार ओळी वाचल्यामुळे चार ओळींनंतर त्यांचा आवाज आपोआप थांबतो, आणि मग त्यांना आठवते की पुढेही आहे. पान संपले की ते चष्मा काढतात आणि भावाच्या तोंडाकडे वाकून विचारतात, "पुढे वाचू?" एखाद्या माणसाला हो किंवा नाही म्हणायला जितका वेळ लागेल तितका वेळ ते थांबतात, त्याहून थोडा जास्तच, आणि पान उलटतात.